डब्याखालचे वीजघर

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण आता जवळजवळ पूर्णत्वास आले आहे. या बातमीची चर्चा बहुधा डिझेलची बचत, गाड्यांचा वेग आणि कर्बउत्सर्जन या अंगांनी होते. तिच्या आडोशाला एक जुने यंत्र निमूटपणे निवृत्त होत आहे, याची दखल मात्र फारशी कोणी घेतलेली नाही. हे यंत्र प्रवासी डब्याच्या पोटाखाली, चाकांच्या शेजारी लटकलेले असते. चाकांच्या आसावरून, म्हणजे ॲक्सलवरून, पट्ट्यांच्या साहाय्याने फिरणारे जनित्र, त्याला जोडलेला नियामक आणि पेटीत बसवलेली बॅटरी अशी ही तीन घटकांची यंत्रणा. देशातल्या बहुसंख्य डब्यांतले दिवे आणि पंखे अनेक दशके तिच्यावर चालले. गाडी आडरानात सिग्नलला थांबली तरी डब्यातला दिवा जळत राहतो, याचे प्रवाशाला कधी नवल वाटले नाही. ते वाटू नये, हीच या यंत्रणेची कामगिरी होती.

या यंत्रणेचा इतिहास शोधांच्या क्रमाने सांगता येईल. येथे तो बिघाडांच्या क्रमाने सांगायचा आहे. तसे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक नव्या पिढीने मागच्या पिढीचा एखादा बिघाड कायमचा मिटवला, आणि त्याबरोबर बिघाड ओळखण्याची एखादी खूणही पुसून टाकली. या देवघेवीचा हिशेब मांडला, तर आज आपल्या रस्त्यांवर येणाऱ्या विद्युत वाहनांविषयीही काही शिकण्याजोगे हाती लागते.

आगगाडीत वीज येण्यापूर्वी डब्यांच्या छतांत तेलाचे दिवे असत. पुढे दाबाखाली भरलेल्या वायूचे दिवे आले. त्यांचा उजेड चांगला होता, पण लाकडी डब्याखाली ज्वालाग्राही वायूची टाकी बाळगणे म्हणजे संकट पदरी बांधून फिरणे होते. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिनशिल येथे गाड्यांची टक्कर झाली. त्या अपघातात दोनशेहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत सैनिकांचा भरणा अधिक होता. टकरीनंतर लागलेल्या आगीला डब्यांतल्या वायूने इंधन पुरवले. गाडीतला विजेचा दिवा ही केवळ चैनीची बाब नव्हती, हे समजण्यासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे.

वीज साठवण्याचे साधन तेव्हा उपलब्ध होते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लाँते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांचा पुनःपुन्हा भारित करता येणारा विद्युतघट तयार केला होता. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी त्याच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन त्याची साठवणक्षमता पुष्कळ वाढवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडन ते ब्रायटन मार्गावरील ‘बिअट्रिस’ नावाच्या पुलमन डब्यात फोर यांच्या घटांवर विजेचे दिवे लावून दाखवण्यात आले. परंतु हे घट स्थानकावर भारित करून डब्यात ठेवावे लागत. वीज संपली की दिवा संपला. लांब पल्ल्याच्या गाडीला ही सोय उपयोगाची नव्हती. चालत्या गाडीच्या चाकांतूनच वीज काढावी, हा विचार त्यातून पुढे आला.

विचार सोपा, पण भौतिकी अवघड. जनित्राचा विद्युतदाब त्याच्या फिरण्याच्या वेगावर अवलंबून असतो, आणि गाडीचा वेग तर शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरपर्यंत सतत बदलता. दिव्याला हवा स्थिर दाब. बॅटरीला तर त्याहून काटेकोर वागणूक लागते. शिसे-आम्ल घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट. त्याला भारित करण्यासाठी साधारण २.३ व्होल्ट द्यावे लागतात. त्याहून बरेच कमी दिले तर घट भरत नाही, बरेच जास्त दिले तर त्यातल्या पाण्याचे विघटन होऊ लागते. दुसरी अडचण अशी की गाडी थांबली म्हणजे जनित्राचा दाब शून्य होतो, आणि बॅटरीतली वीज उलट वाहून त्याच जनित्राला मोटारीसारखी फिरवू पाहते. तिसरी अडचण दिशेची. डबा उलट्या दिशेने धावू लागला की डायनॅमोचे धन आणि ऋण ध्रुव आपसांत बदलतात. वेग, थांबा आणि दिशा या तीन अडचणींची उत्तरे शोधताना जे जे भाग जोडले गेले, तेच पुढे बिघाडांचे घर बनले.

लंडनच्या डेप्टफर्ड भागातल्या जे. स्टोन आणि कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर काढलेला तोडगा आजही कौतुकास्पद वाटतो. त्यांनी डायनॅमो डब्याच्या सांगाड्याला घट्ट न बसवता एका बाजूने झुलता टांगला. त्याच्या वजनामुळे पट्ट्याला ठरावीक ताण मिळे. गाडीचा वेग वाढून डायनॅमोवरचा भार वाढला की पट्टा त्याला आसाकडे ओढून घेई, ताण सैल पडे आणि पट्टा चाकावर घसरू लागे. त्यामुळे गाडी कितीही वेगाने धावली तरी डायनॅमोचा वेग एका मर्यादेपुढे वाढत नसे. कोणताही सूक्ष्म नियामक न वापरता, निव्वळ घर्षणाच्या बळावर त्यांनी विजेचे नियमन साधले. ठरावीक वेग आल्यावरच डायनॅमोला बॅटरीशी जोडणारी आणि वेग उतरताच तोडणारी खटकी त्याच्या जोडीला होती, आणि दिशा बदलताच ध्रुव सुलटे करणारी यांत्रिक रचनाही होती.

या रचनेतला एक बिघाड मोठा बोधप्रद आहे. ज्या पट्ट्याने घसरणे अपेक्षित आहे, तो एखाद्या कर्तव्यतत्पर कारागिराने चांगला ताणून बसवला, तर तो घसरत नाही. मग डायनॅमो जास्त वेगाने फिरतो, जास्त प्रवाह देतो आणि बॅटरीतले पाणी उडून जाते. बॅटरी वारंवार कोरडी पडत असेल, तर तिचे कारण पट्ट्याच्या ताणात सापडू शकते. लक्षण एका ठिकाणी आणि दोष दुसऱ्या ठिकाणी, हा चार्जिंग यंत्रणेचा स्थायीभाव तेव्हापासूनचा आहे. कारण ही यंत्रणा म्हणजे एक साखळी असते आणि तिच्यातली सर्वांत बोलकी कडी बॅटरी ही असते. तक्रार तिच्याकडून येते; अपराध मात्र बहुधा दुसऱ्याचा असतो.

भारतात डब्यांमध्ये विजेचे दिवे नियमितपणे बसवण्याचा पहिला मान जोधपूर रेल्वेकडे जातो, आणि त्याचे वर्ष १९०२ असे नोंदले गेले आहे. पुढे डब्याखालचा डायनॅमो आणि २४ व्होल्टची बॅटरी ही भारतीय डब्याची रूढ व्यवस्था झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला मार्गावर विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. म्हणजे तारेतून गाडीला वीज देण्याचे तंत्र देशात तेव्हापासून आहे. तरीही लांब पल्ल्याच्या गाड्यांचे डबे आपापली वीज आपणच तयार करत राहिले, याला सबळ कारण होते. एकाच प्रवासात डबा वाफेच्या, डिझेलच्या आणि विजेच्या इंजिनामागून जाई. वाटेत एका गाडीतून सुटून दुसऱ्या गाडीला जोडला जाई. अशा डब्याला स्वयंपूर्ण असणे भाग होते. या स्वयंपूर्णतेचा एक लाभ दुर्लक्षित राहिला. एका डब्याची यंत्रणा बंद पडली तरी शेजारच्या डब्याला त्याची झळ पोहोचत नसे. उलट, शेजारच्या डब्याकडून तात्पुरती वीज घेण्यासाठी डब्यांच्या टोकांना जोडणीची टोके ठेवलेली असत.

डायनॅमोच्या काळातले निदान ही डोळे, कान, नाक आणि हात यांची विद्या होती. कम्युटेटरवर काळे ओरखडे आले असतील तर कार्बनचे ब्रश झिजले आहेत किंवा नीट टेकत नाहीत. बॅटरीच्या पेटीपाशी उग्र वास येत असेल तर ती प्रमाणाबाहेर भारित होत आहे. डायनॅमो चांगला आहे की नाही, हे गाडी उभी असताना पाहण्याची तर अतिशय सुंदर युक्ती होती. पट्टा काढायचा, खटकी हाताने दाबून बॅटरीची वीज डायनॅमोत सोडायची आणि तो मोटारीसारखा फिरतो का ते पाहायचे. फिरला तर गुंडाळ्या, ब्रश आणि जोडण्या बहुतांशी शाबूत. जनित्र आणि मोटार ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत, हा विद्युतचुंबकीय सिद्धांत त्या कसोटीत रोज प्रत्यक्ष सिद्ध होत असे. या कसोटीचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. चार्जिंगचा दोष गाडी धावताना प्रकट होतो, आणि दुरुस्ती गाडी उभी असताना करावी लागते. ही फट बुजवणारी कोणतीही युक्ती कारागिराला मोलाची वाटते.

बॅटरीच्या बाबतीत सर्वांत विश्वासू साधन होते हायड्रोमीटर. शिसे-आम्ल घटाचे वैशिष्ट्य असे की वीज देताना त्यातले गंधकाम्ल पट्ट्यांच्या शिशाशी संयोग पावते आणि पाणी तयार होते. म्हणजे घट जसजसा रिता होतो, तसतसा त्यातला द्राव पातळ होत जातो. रेल्वेच्या पूर्ण भारित घटातल्या द्रावाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२१५ असते आणि रिता होताना ते उतरत जाते. काचनळीत द्राव ओढला, आतला तरंगक किती वर आला ते वाचले, की घटाच्या पोटातले गुपित कळते. वायर जोडावी लागत नाही, गणित करावे लागत नाही. विद्युतरसायनाने स्वतःचे मापक स्वतःच पुरवल्याचे असे उदाहरण विरळा.

हे मापन घटागणिक करता येते, यात त्याची खरी ताकद आहे. घट एकसर जोडणीत असतात, म्हणून सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. त्यांतला एक दुर्बळ असेल तर तो इतरांच्या आधी रिता होतो, आणि प्रवाह तरीही त्यातून लोटला जात राहिला तर त्याचे ध्रुव उलटतात. तो मग मदत करण्याऐवजी ओझे बनतो. एकूण दाब पाहणाऱ्याला ‘बॅटरी उतरली’ एवढेच दिसते. प्रत्येक घटाचे गुरुत्व आणि भाराखालचा दाब तपासणाऱ्याला नेमका कोणता घट कुचकामी आहे ते सापडते. सगळेच घट सारखेच उतरलेले असतील, तर बॅटरी निर्दोष आहे आणि तिला पुरेशी वीज मिळत नाही असा निष्कर्ष निघतो. मग शोध पट्टा, जनित्र आणि नियामक यांच्याकडे वळवायचा. एका साध्या काचनळीने सोडवलेला हा गुंता आहे: दोष साठ्यात आहे की पुरवठ्यात?

गळतीची तपासणीही अशीच देखणी होती. डब्याच्या वीजवाहिन्या डब्याच्या लोखंडी अंगापासून पूर्णपणे अलग असाव्या लागतात. एक वाहिनी कुठेतरी अंगाला टेकली तर लगेच काही बिघडत नाही, दिवे चालू राहतात. पण दुसरी वाहिनीही टेकली की दोन टोकांत थेट जोड होऊन तारा तापतात आणि आग लागते. म्हणून पहिली गळती दुसरी होण्यापूर्वी शोधणे हे जीवनमरणाचे काम. त्यासाठी दोन सारखे दिवे एकसर जोडून धन आणि ऋण टोकांमध्ये लावत आणि त्यांचा मधला बिंदू डब्याच्या अंगाला जोडत. गळती नसेल तर दोन्ही दिवे सारखेच मंद जळतात. धन वाहिनी अंगाला टेकली असेल तर धन बाजूच्या दिव्याच्या दोन्ही टोकांचा दाब समान होऊन तो विझतो आणि दुसरा प्रखर होतो. ऋण वाहिनी टेकली असेल तर याच्या उलट. मग एकेका शाखेचा फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजपाशी दोन्ही दिवे पुन्हा सारखे होतील, त्या शाखेत दोष. दोन दिव्यांचा हा तराजू फार सूक्ष्म नव्हता, पण तो खोटे बोलत नसे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि भरवशाचे झाले, आणि जगभर वाहनांच्या चार्जिंग यंत्रणेत क्रांती झाली. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. त्यामुळे प्रत्यावर्ती वीज निर्माण करणारा अल्टरनेटर वापरून ती जागच्या जागी एकदिश करणे शक्य झाले. मोटारींमध्ये क्रायस्लर कंपनीच्या १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीने ही वाट रूढ करायला सुरुवात केली. भारतीय रेल्वेनेही डायनॅमो बाजूला सारून ब्रशविरहित अल्टरनेटर स्वीकारले. कोलकात्याच्या स्टोन इंडियासारख्या आणि केरळमधील कुंडरा येथील केरळ इलेक्ट्रिकलसारख्या कंपन्यांनी ते देशात बनवले. त्यांचे मानकीकरण लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेकडे, म्हणजे आरडीएसओकडे राहिले.

याच प्रवासात २४ व्होल्टची जागा ११० व्होल्टने घेतली. त्यामागचे अंकगणित सोपे आहे. १ किलोवॉट शक्तीसाठी २४ व्होल्टला सुमारे ४२ अँपिअर प्रवाह लागतो, ११० व्होल्टला सुमारे ९. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, त्याच तारेतला अपव्यय जवळजवळ २१ पटींनी घटतो. एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडणीने होणारे नुकसानही त्याच प्रमाणात कमी होते. साध्या डब्याखाली ४.५ किलोवॉटचा अल्टरनेटर आणि १२० अँपिअर-तासांची बॅटरी, तर वातानुकूलित डब्याखाली २५ किलोवॉटचे दोन अल्टरनेटर आणि १,१०० अँपिअर-तासांची बॅटरी, अशी मापे रूढ झाली.

या अल्टरनेटरची अंतर्गत रचना पाहण्यासारखी आहे. त्याच्या फिरत्या भागावर तारेचा एक वेढाही नसतो. तो केवळ दातेरी पोलादी पत्र्यांचा गठ्ठा. चुंबकीय क्षेत्राची आणि वीजनिर्मितीची अशा दोन्ही गुंडाळ्या स्थिर भागात असतात. दाते फिरले की चुंबकीय प्रवाहाची वाट कमीजास्त होते आणि त्यातून वीज उपजते. ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही. डायोड उलटा प्रवाह आपोआप अडवतात, म्हणून बॅटरी तोडणारी खटकी नको. गाडी कोणत्याही दिशेने धावली तरी डायोडांतून निघणारी वीज एकाच दिशेची, म्हणून ध्रुव बदलणारी रचनाही नको. वेग, थांबा आणि दिशा या तीन जुन्या अडचणींपैकी दोन अडचणी सिलिकॉनच्या सहा तुकड्यांनी सोडवल्या. वेगाची अडचण चुंबकीय क्षेत्राचा प्रवाह कमीजास्त करणाऱ्या नियामकाकडे गेली.

मात्र त्याच वेळी एक खूण पुसली गेली. या यंत्राला बॅटरीची वीज देऊन मोटारीसारखे फिरवता येत नाही, कारण तोच डायोड उलटी वाट अडवून धरतो. उभ्या गाडीत यंत्राचा कस पाहण्याची जुनी कसोटी संपली. तिच्या जागी मापनाची शिस्त आली. तिन्ही फेजांमधले दाब सारखे असतील तर अल्टरनेटर ठीक, शोध पुढे नियामकाकडे. ते असमान असतील तर गुंडाळीत दोष. फेजांचे दाब चांगले, पण एकदिश प्रवाह तोकडा आणि कंपायमान असेल, तर सहांपैकी एखादा डायोड उघडा पडला असण्याचा संभव. गाडी धावते आहे, पट्टे शाबूत आहेत, तरीही दाब उभाच राहत नाही, असे झाल्यास क्षेत्राचा फ्यूज पाहावा. तोही ठीक असेल तर पोलादातले अवशिष्ट चुंबकत्व नष्ट झाले असावे. हे यंत्र त्या लेशमात्र चुंबकत्वाच्या आधारावर स्वतःला जागे करते. ते हरवले की बॅटरीची वीज क्षणभर क्षेत्राच्या गुंडाळीत सोडून त्याला पुन्हा चुंबकत्व द्यावे लागते. साखळी मधोमध तोडायची, कोणत्या अर्ध्यात दोष आहे ते ठरवायचे आणि तो अर्धा पुन्हा तोडायचा, ही या निदानामागची रीत. प्रयोगशाळेतही आम्ही याहून वेगळे काही करत नाही.

पट्टा मात्र राहिला. चामड्याच्या आणि कापडी सपाट पट्ट्याची जागा इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या रबरी पट्ट्यांनी घेतली. लहान अल्टरनेटरला चार, मोठ्याला बारा. स्टोनच्या यंत्रात घसरणे हा गुण होता, येथे तो दोष ठरला. सैल पट्टा घसरून तापतो आणि तुटतो, अतिघट्ट पट्टा बेअरिंग खातो. आसावरची कप्पीच सरकू लागली तर काय, यासाठी कप्पी आणि आस यांवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढण्याची पद्धत पडली. रेघ तुटलेली दिसली की कप्पी सरकली. एका रेघेच्या खर्चात इतकी अचूक माहिती देणारे दुसरे मापक शोधून सापडायचे नाही.

यानंतर बॅटरी बंदिस्त झाली. पाणी घालावे न लागणाऱ्या नव्या शिसे-आम्ल बॅटरीत चार्जिंगच्या वेळी निर्माण होणारा प्राणवायू आतच पुन्हा शोषला जातो. पाणी भरण्याचे कंटाळवाणे काम गेले, आम्लाचे शिंतोडे गेले, आणि हायड्रोमीटरही गेला, कारण द्राव काढायला तोंडच उरले नाही. शिवाय ही बॅटरी उष्णतेच्या बाबतीत नाजूक. तापमान वाढले की तिचा भारणदाब थोडा उतरवावा लागतो. तो न उतरवल्यास प्रवाह वाढतो, त्याने उष्णता वाढते, उष्णतेने प्रवाह आणखी वाढतो. राजस्थानचा उन्हाळा आणि पंजाबचा हिवाळा एकाच फेरीत अनुभवणाऱ्या डब्याला हा विचार टाळता येत नाही. ५४ घटांच्या बॅटरीला प्रत्येकी २.३ व्होल्ट या हिशेबाने सुमारे १२४ व्होल्ट द्यायचे, पण ते कोणत्या तापमानाला, हा प्रश्न नियामकाच्या मांडणीत येऊन बसला. इलेक्ट्रॉनिक नियामकांनी दाब, प्रवाह आणि बॅटरीत गेलेल्या-आलेल्या अँपिअर-तासांची नोंद ठेवण्याची सोय दिली. जे ज्ञान पूर्वी काचनळीत दिसत असे, ते आता यंत्राच्या स्मृतीत साठू लागले. ते वाचण्यासाठी योग्य जोडणी आणि योग्य प्रशिक्षण हवे, एवढाच काय तो फरक. पण तो लहान नाही.

आता चौथी पिढी आली आहे. चेन्नईच्या पेरंबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीने जुन्या आराखड्याच्या डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबवले. एलएचबी बनावटीच्या गाड्यांना आरंभी टोकाच्या जनित्रयानातून, डिझेल जाळून, ७५० व्होल्टची त्रिफेज वीज दिली जाई. आता ती इंजिनाच्या माथ्यावरच्या तारेतून, इंजिनातल्या परिवर्तकामार्फत येऊ लागली आहे. अशा डब्याखाली अल्टरनेटर नसतो, पट्टा नसतो. ११० व्होल्टची बॅटरी आणि तिचा चार्जर मात्र आहे, कारण तारेतला पुरवठा खंडित झाला तरी किमान दिवे जळत राहायला हवेत. ऊर्जेच्या दृष्टीने हा बदल निःसंशय स्वागतार्ह आहे. आसावरच्या जनित्राची वीज कधीच फुकट नव्हती. तिची किंमत इंजिन खेचण्याच्या रूपाने मोजत होते आणि पट्ट्यांमध्ये त्यातला काही भाग वाया जात होता. पण बिघाडाचा भूगोल बदलला. पूर्वी अंधार एका डब्यापुरता असे. आता इंजिनातला परिवर्तक थांबला तर साऱ्या गाडीचा पुरवठा थांबतो. पूर्वी बिघाड वारंवार आणि लहान होते, आता ते विरळ आणि मोठे आहेत. विरळ बिघाडांवर हात बसत नाही, हा तंत्रज्ञानाचा जुना अनुभव आहे.

हाच धडा रस्त्यावरच्या विद्युत वाहनांना लागू पडतो. लिथियम-लोह-फॉस्फेट घटाचा दाब, तो बराचसा भरलेला असो वा निम्म्याहून अधिक रिता असो, जवळजवळ सपाट राहतो. म्हणजे हायड्रोमीटर तर नाहीच, साध्या व्होल्टमीटरनेही आतली स्थिती खात्रीने कळत नाही. बॅटरीवर देखरेख ठेवणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रभार मोजून अंदाज बांधते. तो अंदाज चुकला, किंवा शेकडो घटांमधला एक दुर्बळ घट तिच्या नजरेतून निसटला, तर बाहेरून पाहणाऱ्याला कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही. २०२२ मध्ये देशात विद्युत दुचाकींना आगी लागल्या, तेव्हा हा प्रश्न सर्वांसमोर आला. त्यानंतर एआयएस-१५६ या सुरक्षामानकात सुधारणा करून ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आले. एका घटातली आग दुसऱ्यात पसरू नये आणि देखरेख प्रणाली भरवशाची असावी, यांवर त्यात भर आहे.

मानके बिघाड टाळण्यासाठी असतात. बिघाड झाल्यावर तो कोणी आणि कसा ओळखायचा, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि तिच्या विचारक्षेत्रात वाहनांचाही समावेश केला, हे या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल होय. गावातल्या कारागिराला वाहनातल्या नोंदी वाचता आल्या नाहीत, तर त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो: संपूर्ण बॅटरी बदला. वाहनातला सर्वांत महाग भाग, केवळ आत पाहता येत नाही म्हणून, टाकून द्यायचा. दोष त्यातल्या एका घटात, एका संवेदकात किंवा एका सैल जोडणीत असला तरीही.

रेल्वेच्या जुन्या यंत्रणेकडे परत जावे, असे कोणी म्हणणार नाही. पट्टे, ब्रश आणि आम्ल यांनी कामगारांना पुरेसा त्रास दिला आहे. मात्र दोन दिव्यांचा तराजू, घसरण दाखवणारी रंगाची रेघ आणि गुरुत्व सांगणारी काचनळी यांमागे एक तत्त्व होते: यंत्राने आपली व्यथा जवळच्या माणसाला, त्याला समजेल अशा रीतीने सांगितली पाहिजे. ते तत्त्व कालबाह्य झालेले नाही. बंदिस्त पेटीतल्या नव्या बॅटरीने ते कसे पाळावे, हे ठरवण्याची वेळ आराखडा कागदावर असतानाची असते. पेटी बंद झाल्यावर फार उशीर झालेला असतो.